तुम्ही विचारलेत म्हणून: गोल्फच्या स्पर्धेत नाव लागते कसे?

गोल्फ पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे एक प्रश्न हटकून विचारला जातो, आणि तो क्रिकेटच्या सवयीतून आलेला असतो: "या स्पर्धेत आपला अमुक का नाही? त्याला घेतले का नाही?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बंद दाराआड बसलेली निवड समिती असते, आणि कोणाला तरी डावलले गेले आहे अशी शंकाही त्या प्रश्नात दडलेली असते. क्लबात माझ्याबरोबर खेळणारी, स्वतः बऱ्यापैकी चेंडू मारणारी मंडळीही हेच विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. व्यावसायिक गोल्फमध्ये 'घेणारा' सहसा कोणी नसतो. प्रत्येक स्पर्धेसाठी पात्रतेच्या वर्गांची एक उतरंड आधीच ठरलेली असते. नावे त्या क्रमाने वरून खाली भरत जातात आणि जागा संपल्या की यादी तिथेच थांबते.

जागा किती, हे मात्र सूर्य ठरवतो. पूर्ण आकाराची स्पर्धा परंपरेने नेमकी 156 जणांची का असते, याचे कोडे पुष्कळांना पडते, पण हिशेब साधा आहे. तिघातिघांचे गट करायचे, ते पहिल्या आणि दहाव्या होलच्या टींवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागांवरून, थोड्या थोड्या मिनिटांनी सोडायचे, प्रत्येक टीवरून सकाळच्या पाळीत तेरा गट आणि दुपारच्या पाळीत तेरा. तेरा गुणिले तीन गुणिले चार म्हणजे 156. उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत एवढे लोक कसेबसे अंधाराआधी खेळून परततात, आणि दिवस लहान असला की गट कमी करून आकडा 132 किंवा 120 वर आणावा लागतो. म्हणजे एखाद्या खेळाडूला जागा मिळाली नाही, यामागे त्या महिन्यातला सूर्यास्त हेही एक कारण असू शकते.

अमेरिकेच्या पीजीए टूरची, म्हणजे तिथल्या हंगामभराच्या व्यावसायिक स्पर्धामालिकेची, उतरंड सर्वांत परिचित आहे, म्हणून तीच घेऊ. वरच्या पायरीवर अलीकडचे विजेते असतात: साधी स्पर्धा जिंकली तरी पुढची दोन वर्षे निश्चिंती, आणि चार मोठ्या स्पर्धांपैकी (मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटनची ओपन) एखादी जिंकली तर पाच वर्षे. त्यांच्याखाली मागच्या हंगामाच्या गुणतालिकेतले खेळाडू येतात. वर्षानुवर्षे ही रेषा 125 व्या क्रमांकावर होती, 2025 च्या अखेरीस ती 100 वर आणली गेली. या रेषेच्या आत राहणे म्हणजेच 'कार्ड', म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क, 'टिकवणे'. त्याखाली दुय्यम टूरवरून वर आलेले, युरोपच्या टूरवरून आलेले, आणि क्यू-स्कूल या दीर्घ पात्रता स्पर्धेतून आलेले खेळाडू. क्यू-स्कूलची वाट मधली दहा वर्षे थेट मुख्य टूरला जात नव्हती. 2023 मध्ये ती पुन्हा उघडली, पण जागा मोजून पाच. खिशात कार्ड आहे म्हणून दर आठवड्याला खेळता येईल असेही नाही, कारण नवख्या खेळाडूचे नाव यादीत इतके खाली असते की मोठ्या नावांनी गर्दी केलेल्या आठवड्यात तो घरी बसतो.

आयोजकांच्या हाती मोजकी निमंत्रणे असतात, आणि लॉबीची शंका घ्यायचीच असेल तर ती इथे घ्यावी. प्रायोजकांना गावातला लाडका मुलगा हवा असतो, किंवा तिकिटे खपवणारे जुने नाव. मला त्यात फारसे वावगे वाटत नाही, कारण पैसे त्यांचे आहेत आणि जागा थोड्या आहेत. माझा जीव मात्र अडकतो तो उतरंडीच्या अगदी तळाच्या पायरीवर, म्हणजे सोमवारच्या पात्रता फेरीत.

स्पर्धा गुरुवारी सुरू होते. त्या आठवड्याच्या सोमवारी जवळपासच्याच एखाद्या कोर्सवर, कार्ड नसलेले व्यावसायिक आणि हिंमत असलेले हौशी खेळाडू अठरा होल खेळतात, आणि त्यांतल्या साधारण चौघांना मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळतो. तिथे प्रेक्षकांचे दोर नसतात आणि कॅमेरेही नसतात. बॅग उचलायला बहुधा भाऊ किंवा मित्र असतो. विमानाचे तिकीट, हॉटेल, प्रवेश शुल्क सगळे पदरचे. चार दिवसांच्या स्पर्धेत एखादी वाईट फेरी भरून काढता येते, पण इथे एकच फेरी, त्यामुळे सुरुवातीलाच दोन बोगी पडल्या, म्हणजे दोन होलांवर ठरलेल्यापेक्षा एकेक फटका जास्त लागला, की पुढचे तीन तास माणूस केवळ शिस्तीखातर चालत असतो. 2019 मध्ये टेक्सास ओपनच्या सोमवारी कॅनडाच्या कोरी कॉनर्सला शेवटच्या एका जागेसाठी सहा जणांच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा खेळात, उतरावे लागले. ती जागा त्याने मिळवली, रविवारी ती स्पर्धाच जिंकली, आणि त्या विजयामुळे पुढच्याच आठवड्यातल्या मास्टर्समध्येही त्याचे नाव लागले.

या सोमवारचा आपल्या अर्जुन अटवालशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. खांद्याच्या दुखापतीनंतर मिळालेली वैद्यकीय सवलत 2010 च्या जुलैमध्ये संपली आणि त्याचे कार्ड गेले. ऑगस्टमध्ये ग्रीन्सबरोच्या विंडहॅम चॅम्पियनशिपसाठी तो सोमवारच्या रांगेत उभा राहिला, पात्र ठरला, गुरुवारी 61 फटक्यांची फेरी खेळला (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितके चांगले) आणि रविवारी डेव्हिड टॉम्सला एका फटक्याने मागे टाकून जिंकला. पीजीए टूरवर जिंकणारा तो पहिला भारतीय, आणि सोमवारच्या दारातून येऊन जिंकणारा 1986 नंतरचा पहिला खेळाडू. निवड समिती असती, तर कार्ड गमावलेल्या सदतिशीतल्या खेळाडूला त्या आठवड्यात कोणी संधी दिली असती असे मला वाटत नाही.

यादी भरल्यावरही गंमत संपत नाही, कारण राखीव खेळाडूंची एक स्वतंत्र यादी असते आणि ती रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखी पुढे सरकते. पहिला राखीव खेळाडू गुरुवारी पहाटेपासून सरावाच्या मैदानावर चेंडू मारत राहतो, कारण कोणाची पाठ धरली तर काही मिनिटांत त्याला टीवर उभे राहायचे असते. दुपारचा शेवटचा गट निघून गेला की तो मुकाट्याने बॅग गाडीत टाकतो. 1991 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये जॉन डेली नववा राखीव होता. निक प्राइसच्या पत्नीचे दिवस भरत आले होते, म्हणून त्याने माघार घेतली. डेलीच्या आधीचे राखीव खेळाडू वेळेवर येऊ शकले नाहीत, आणि डेली मेम्फिसहून रात्रभर गाडी हाकत इंडियानाला पोहोचला. सरावाची एकही फेरी न खेळता, प्राइसच्याच कॅडीला, म्हणजे बॅग उचलणाऱ्या सहायकाला, बरोबर घेऊन त्याने ती स्पर्धा तीन फटक्यांनी जिंकली.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याच्या उदयन मानेचे. टोकियो ऑलिम्पिकच्या गोल्फमध्ये पुरुषांच्या जागा साठच होत्या, आणि जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या पंधरा जणांची बाब सोडली तर एका देशाचे दोनच खेळाडू चालत होते. या मर्यादेमुळे अमेरिका, इंग्लंड, दक्षिण कोरियाचे अनेक वरचे खेळाडू गळतात आणि यादी क्रमवारीत खूप खोलवर जाते. अनिर्बन लाहिरी, ज्याचा जन्मही पुण्याचा, अगदी शेवटच्या जागेवर आत आला. तीनशेच्याही पलीकडे असलेला माने राखीव यादीत राहिला. जुलै 2021 मध्ये अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि माने ऑलिम्पियन झाला. त्या वेळी "नशीब काढले पोराने" असे पुष्कळ ऐकले. नशीब होतेच, पण दुसऱ्याच्या माघारीचा लाभ होण्याइतके वर राहण्यासाठी देशांतर्गत टूरवर जिंकावे लागते, आणि ते त्याने आधीच केले होते.

चार मोठ्या स्पर्धांचे नियम चार तऱ्हेचे आहेत. मास्टर्सला पात्रता फेरी नाहीच. ऑगस्टा नॅशनल हा खासगी क्लब निमंत्रणे पाठवतो, जी बहुतांशी जाहीर निकषांनुसार असतात. जीव मिल्खा सिंग 2007 मध्ये तिथे खेळणारा पहिला भारतीय ठरला, तो वर्षअखेरच्या क्रमवारीत पहिल्या पन्नासात आल्यामुळे. 2018 मध्ये एकवीस वर्षांच्या शुभंकर शर्माला मात्र खास निमंत्रण मिळाले. पीजीए चॅम्पियनशिपमध्ये वीस जागा क्लबांत शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी असतात. ब्रिटनच्या ओपनला पात्रता फेऱ्या आहेत, आणि 1999 चा विजेता पॉल लॉरी त्यांतूनच आला होता. त्याच फेरीत 1976 मध्ये मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट नावाच्या क्रेनचालकाने स्वतःला व्यावसायिक म्हणवून अर्ज केला आणि 121 फटके मारले, त्यानंतर आयोजक अर्ज जरा नीट वाचू लागले.

भारतात पीजीटीआय ही टूर 2006 पासून आहे, आणि 2024 मध्ये कपिल देव तिचे अध्यक्ष झाले. इथेही क्यू-स्कूल आहे, इथेही वर्षअखेर पहिल्या साठात राहून कार्ड टिकवावे लागते. बाहेरचे दार उघडते ते दोन टूरच्या संयुक्त स्पर्धांमुळे. एस. एस. पी. चौरासिया हा कोलकात्याच्या कोर्सवरील माळ्याचा मुलगा. 2008 मध्ये दिल्लीतली इंडियन मास्टर्स आशियाई आणि युरोपीय टूरची संयुक्त स्पर्धा होती, ती त्याने जिंकली आणि युरोपचे कार्ड थेट हातात पडले.

हे सगळे सांगताना एक तक्रारही नोंदवतो. 2026 पासून पीजीए टूरने पूर्ण आकार 156 वरून 144 केला, अनेक स्पर्धांत सोमवारच्या जागा छाटल्या, आणि सर्वांत मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा तर सत्तर-ऐंशी जणांपुरत्याच ठेवल्या आहेत. फेऱ्या अंधारात अडकतात हे कारण खरे आहे, पण खेळ संथ करणारे बहुतेक वेळा वरच्या पायरीवरचेच असतात, आणि जागा जातात तळाच्या.

राहिला शेवटचा, अधूनमधून येणारा प्रश्न: आपल्या क्लबातल्या पोराला थेट एखाद्या मोठ्या स्पर्धेचा अर्ज भरता येईल का? यूएस ओपनचा येईल. व्यावसायिक असला तर प्रश्नच नाही. हौशी असला तर हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा (जितका कमी तितका चांगला), 0.4 किंवा त्याहून चांगला हवा. दरवर्षी दहा हजारांहून अधिक अर्ज येतात. आधी शंभराहून अधिक केंद्रांवर, बहुतेक अमेरिकेतच, अठरा होलांची प्राथमिक फेरी होते आणि मग एकाच दिवसात 36 होलांची अंतिम फेरी. दोन्ही टप्पे पार करून पुढे विजेतेपद मिळवणारे आजवर दोघेच झाले, 1964 चा केन व्हेंच्युरी आणि 1969 चा ऑर्व्हिल मूडी. अर्जाची मुदत साधारण एप्रिलमध्ये संपते, तेव्हा व्हिसाची तयारी त्याआधी बरीच करावी, आणि 36 होल चालायचे असल्याने नवे बूट नेऊ नयेत.