काकांना हवा होता तो डुलणारा आवाज

म्युझिकच्या दुकानात कामाला आहे म्हणलं की लोकांना वाटतं हा दिवसभर गिटार वाजवत बसत असेल. निम्मा दिवस तारा विकण्यात जातो आणि उरलेला जळालेली पेडलं बघण्यात, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्या. पिन बसते ना, मग राऊटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर नऊ व्होल्टच्या पेडलला लावायचा, वर पेडलला आतली पिन निगेटिव्ह लागते आणि राऊटरची पॉझिटिव्ह, आणि मग 'तुम्ही डिफेक्टिव्ह पीस दिला' म्हणून आमच्याशीच भांडायचं. नाशिकमध्ये इंजिनियर लोक पण हेच करतात, सातपूर-अंबडला मोठमोठ्या मशिनी चालवणारे.

तर गणपतीच्या आधीची गर्दी होती आणि एक काका आले. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर, ऑर्केस्ट्रात अजून वाजवतात. मोबाईलवर एक क्लिप लावली, घरच्या टू-इन-वनवर जुनी कॅसेट लावून समोर फोन धरून रेकॉर्ड केलेली. ऐंशीच्या दशकातला गणपतीचा कार्यक्रम, गिटार त्यांचीच. म्हणे, "भाऊ, हे मीच वाजवलंय पण पेडल कुठलं होतं आठवत नाही, कुणाचं तरी मागून आणलं होतं. तो आवाज पाहिजे."

क्लिपमध्ये गिटार खरंच डुलत होती, मस्त. काउंटरवरचा पोरगा दोन सेकंद ऐकून म्हणाला फेझर आहे, देऊन टाका. त्याला सगळंच फेझर वाटतं. यूट्यूबवरच्या डेमोंनी या पिढीचे कान बिघडवलेत, तिथे गिटारवाला चांगला असतो, अँप्लिफायर चांगला असतो, खोली चांगली असते आणि क्रेडिट जातं पेडलला.

मी फेज नाइन्टी नावाचा फेझर लावून दिला. एकच नॉब, स्पीडचा, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला घाबरायला काही नाही. काकांनी दोन कॉर्ड वाजवल्या आणि मान हलवली. "हे गोल फिरतंय. माझं वरखाली होतं." मी चाट पडलो, कारण फरक अगदी हाच आहे. फेझरमध्ये तुमचा मूळ आवाज आणि फेज सरकवलेला आवाज एकत्र होतात, काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात आणि ती खाच पुढेमागे सरकत राहते. सूर जवळपास जागेवरच असतो. मग कोरस दिला, 1976 च्या बॉस कंपनीच्या सीई-वन पेडलच्या घराण्यातला. त्यात किंचित उशिरा येणारा, सूर हलत राहणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो. काका म्हणाले, "यात दोघं जण वाजवतायत, मी एकटाच होतो." असं गिऱ्हाईक वर्षात एखादं येतं हो.

तिसरं काढलं युनि-वाइब नावाच्या जुन्या पेडलच्या जातीचं. हे माझं लाडकं, म्हणून जरा सांगतोच. साठच्या दशकाच्या शेवटी जपानच्या शिन-एई कंपनीतून आलं, डिझाईन फुमिओ मिएदा यांचं, आणि 1969 ला अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सने वापरलं. आत खरा बल्ब असतो, छोटासा, चकचकीत पत्र्याच्या टोपीखाली, आणि त्याच्या चारी बाजूंना चार एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारे रेझिस्टर. बल्ब मंद-प्रखर होतो तसा एलडीआरचा रेझिस्टन्स बदलतो. चारही एलडीआरच्या जोडीचे कपॅसिटर वेगवेगळ्या किमतीचे, साध्या फेझरसारखे एकसारखे नाहीत, म्हणून याची हालचाल जरा वेडीवाकडी. त्यात बल्ब तापायला आणि निवायला वेळ घेतो, एलडीआर पण आळशी, त्यामुळे लाट सारखी येतच नाही, ढकलल्यासारखी येते. मी झाकण काढून दाखवलं. काका वाकून बघत बसले, "अरे, दिवा आहे की यात!" नोकरीत असताना मशीन उघडलेली बघायची सवय असणार.

यात कोरस आणि व्हायब्रेटो असा स्विच असतो. व्हायब्रेटोवर टाकला की मूळ आवाज बंद, फक्त हललेला आवाज बाहेर येतो आणि सूरच हलतो. काका तिथे थांबले. "हे जवळ आलं. पण माझं जास्त डुलतं."

आता मला पण खाज सुटली. क्लिप हेडफोनवर नीट ऐकली. एका ठिकाणी गिटार थांबते आणि अ‍ॅकॉर्डियनवाला एकच सूर लांब धरतो. तोही डुलत होता. पुढे निवेदक "रसिकहोऽऽ" म्हणतो, तोही जरा घेऊन आल्यासारखा. फोनवर ट्यूनरचं अ‍ॅप उघडून त्या अ‍ॅकॉर्डियनसमोर धरलं तर काटा सुराच्या दोन्ही बाजूंना आरामात झोके खात होता. गिटारचं पेडल अ‍ॅकॉर्डियनला कसं लागेल?

दुसऱ्या दिवशी काकांना टू-इन-वनच घेऊन यायला सांगितलं, सोबत कुठलीही दुसरी कॅसेट. भजनाची आणली. लावली, टाळ-मृदंगासकट सगळं भजन डुलायला लागलं. म्हणजे कार्यक्रमाची कॅसेट बिचारी ठीक असेल, टू-इन-वनच्या आतला रबरी बेल्ट सैल झालाय, टेप एकसारख्या वेगाने ओढली जात नाही. टेपवाल्या जुन्या मेकॅनिकना हा दोष पाठ असायचा, याला 'वाव' म्हणतात, हळू असेल तर वाव आणि भरभर असेल तर फ्लटर.

काकांना सांगितलं. आमच्या शेठनी मागून डोळे वटारले, हातातलं गिऱ्हाईक घालवतो की काय म्हणून. पण काका काही हिरमुसले वगैरे नाहीत. उलट ठासून म्हणाले, "पेडल होतं भाऊ. मी पायाने दाबलेलं मला आठवतंय."

आणि गंमत अशी की ते खोटं आहे असं मी म्हणूच शकत नाही. बेल्टच्या डुलण्याखाली पेडलचं डुलणं असू शकतं. कळायचा उपाय एकच, बेल्ट बदला आणि कॅसेट सरळ ऐका. किरकोळ काम, पेडलच्या किमतीपुढे तर काहीच नाही, मी फुकटात करतो म्हणलं. काका नको म्हणाले. दोनदा विचारलं, दोनदा नको. टू-इन-वन पिशवीत घातला आणि म्हणाले ते दिव्याचंच द्या.

मी दिलं. देताना त्यांना सांगितलंही की मिएदांना ही कल्पना कशी सुचली, तर मॉस्को रेडिओ जपानमध्ये ऐकताना वातावरणामुळे आवाज जो हेलकावे खायचा त्यावरून, त्यांनीच पुढे हे सांगितलंय. म्हणजे मुळात हे पेडल एका बिघडलेल्या ऐकण्याची नक्कल आहे. काका खूश, "बघ, मग बेल्टची काय चूक." बाकी समजावलं ते इतकंच की स्टेजवर स्विच कोरसला ठेवा, व्हायब्रेटो घरी, कारण मूळ सूर मागे नसला की कीबोर्डबरोबर कॉर्ड बेसूर लागणार.

गणपतीत त्यांच्या कीबोर्डवाल्याचा दुकानात फोन. काय विकलंत तुम्ही, गिटार सुरातच नाही, लोक माझ्याकडे बघतात. मी म्हणलं स्विच कोरसकडे करायला सांगा. तो म्हणाला, सांगून थकलो, ते म्हणतात कॅसेटमध्ये असंच आहे.