हँडब्रेक गोठला की आधी बघा, नेमकं गोठलंय काय

थंडी पडली की ओळखीतल्या कुणाचा तरी सकाळी सकाळी फोन येतोच, हँडब्रेक काढलाय पण गाडी जागची हलत नाहीये. आणि विचारलं की आत्तापर्यंत काय केलंस, तर उत्तर ठरलेलं, ऍक्सिलरेटर दाबून बघितला. अरे बाबा. इंजिन ओरडतंय, गाडीची मागची बाजू खाली बसतेय, आणि आतल्याला वाटतंय अजून थोडा जोर लावला की सुटेल. सुटतंही कधीकधी, नाही असं नाही, पण चाकासोबत एक लोखंडी ड्रम फिरतो आणि ब्रेक शू त्याला आतून दाबून थांबवतात, जोर लावून सोडवताना त्या शूवरचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, उखडलं तर त्याचे तुकडे ड्रमच्या आतच पडून राहतात आणि मग ते चाक चालत्या गाडीत जाम होऊ शकतं. त्यापेक्षा ऑफिसला उशीर झालेला परवडला.

माझं म्हणणं एवढंच असतं की आधी खाली उतर आणि नक्की काय गोठलंय ते बघ, कारण ह्यात दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही.

एक म्हणजे केबल. हँडब्रेकच्या दांड्यापासून मागच्या चाकांपर्यंत स्टीलची वायर गेलेली असते, ती एका नळीतून मागेपुढे सरकते आणि नळीच्या टोकाला रबराचं बूट असतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. ते बूट फाटलं की पाणी, चिखल, रस्त्यावर टाकलेलं मीठ सगळं आत. पाणी ० अंशाला गोठतं आणि गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्या एवढ्याशा फटीत मग वायरला हलायला जागाच राहत नाही. ओळखायची खूण म्हणजे दांडा खाली केला की तो लुळा पडतो, हाताला ताणच लागत नाही, कारण दांडा सुटला पण वायर मागे गेलीच नाही. उलटंही होतं, ब्रेक लावलेला नसताना केबल गोठली तर दांडा वर येत नाही. अशा वेळी जोर करून तो ओढू नका, वायर ओढली जाईल पण परत जाणार नाही आणि चालू शकणारी गाडी तुम्ही स्वतःच्या हाताने अडकवून ठेवाल.

दुसरं दुखणं म्हणजे शू ड्रमला चिकटणं, आणि हे जास्त फसवं. रात्री ओल्या बर्फातून, पाण्यातून गाडी आणली किंवा संध्याकाळी धुतली, ब्रेक गरम होते त्यामुळे आत गेलेल्या बर्फाचं पाणी झालं, आणि तशीच गाडी लावून हँडब्रेक ओढला. शू ड्रमवर दाबून बसलेत, मधे पाण्याचा पातळ थर, पहाटेपर्यंत त्याचा बर्फ. सकाळी दांडा एकदम व्यवस्थित खाली जातो, डॅशबोर्डवरचा लाल दिवाही विझतो, सगळं ठीक वाटतं. त्या दिव्यावर लोकांचा फार विश्वास असतो, पण हाताच्या हँडब्रेकवाल्या गाडीत तो दांड्याजवळच्या एका छोट्या स्विचवर चालतो, दांडा खाली गेला की विझला, मागे चाकात काय चाललंय ह्याची त्याला काही खबर नसते.

त्यात बर्फावर आणखी एक गंमत होते. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर ती मागची गोठलेली चाकं तशीच फरफटत नेते, आणि खालचा बर्फ गुळगुळीत असल्यामुळे आत बसून कळतच नाही. म्हणून दोन-चार फूट पुढे घेऊन थांबा, खाली उतरा आणि मागच्या चाकांचे माग बघा. फिरणाऱ्या चाकाचा माग म्हणजे टायरच्या नक्षीचा ठसा, स्वच्छ उमटलेला. अडकलेल्या चाकाच्या मागे नक्षी नसते, नुसता घासलेला चकचकीत पट्टा असतो. कुठलं चाक अडकलंय ते एका नजरेत समजतं आणि ह्याला हत्यार काही लागत नाही.

सोडवायला लागण्याआधी पुढच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. हे लोक हमखास विसरतात. ब्रेक अचानक सुटला तर गाडी घरंगळेल, आणि तुम्ही नेमके तिच्या मागे बसलेले असाल. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर शिरायचंच नाही.

शू चिकटले असतील तर ठोकळे दोन्ही बाजूंनी हातभर लांब सरकवून, इंजिन चालू करून रिव्हर्स टाका, क्लच पकडतोय तिथपर्यंतच सोडा, मग पहिला, परत रिव्हर्स. ऍक्सिलरेटर जेमतेम. बऱ्याचदा ह्या झुलवण्यातच खट्ट आवाज येऊन चाक सुटतं. नाही सुटलं तर गाडी बंद करून, गिअरमध्ये ठेवून, ठोकळे परत घट्ट लावून, रिमच्या फटीतून ड्रमवर रबरी किंवा लाकडी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके, रिमवर नाही, ड्रमवर. हेअर ड्रायरची गरम हवाही चालते, वेळ लागतो पण चालते. नुसतं इंजिन चालू ठेवून बसलात तर उष्णता मागच्या चाकांपर्यंत जवळजवळ पोचत नाही, आणि बंद गॅरेजमध्ये किंवा सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलेलं असताना तसं बसणं म्हणजे कार्बन मोनॉक्साईडला आमंत्रण, तेव्हा ते नकोच.

उकळतं पाणी ओतायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. गार पडलेल्या बिडाच्या ड्रमवर एकदम उकळतं पाणी पडलं तर तो तडकू शकतो, आणि ते पाणी थोड्या वेळाने तिथेच गोठणार, म्हणजे आधीपेक्षा जास्त बर्फ. जाळ तर लांबच ठेवा, तिथे रबरी होज आहे, ब्रेक ऑइल आहे आणि पेट्रोलची टाकीही बहुतेक गाड्यांत मागच्या बाजूलाच असते. केबलच्या टोकाशी अल्कोहोलवाला बर्फ वितळवायचा स्प्रे मारायला हरकत नाही, पण तेलकट स्प्रे शूवर किंवा पॅडवर (डिस्क ब्रेकच्या गाडीत शूच्या जागी पॅड असतात, ते फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला दाबतात) गेला तर ब्रेक सुटेल खरा, पण नंतर लागणारही नाही.

चाक सुटलं की लगेच वेग घेऊ नका. थोडं अंतर हळू जा, मधेमधे पायाचा ब्रेक हलका दाबा म्हणजे आतलं पाणी सुकेल, मग थांबून दोन्ही मागच्या चाकांजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम लागली तर तिथला शू अजून घासतोय.

इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकवाल्यांनी फार खूश होऊ नये. बऱ्याच गाड्यांत मोटर थेट कॅलिपरवर, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागावर असते, केबलची भानगड नाही, पण पॅड डिस्कला चिकटू शकतात, आणि काही गाड्यांत तर मोटर जुन्याच पद्धतीची केबल ओढते. मोटर कुरकुरली आणि इशारा आला तर बटण परत परत दाबत बसू नका. गाडी बंद केली की ब्रेक आपोआप लागत असेल तर तो तात्पुरता कसा थांबवायचा हे गाडीच्या पुस्तकात बघा.

आता रात्री हँडब्रेक लावायचा की नाही? माझं मत स्पष्ट आहे, सपाट जागा आणि कडक थंडी असेल तर लावू नका. गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, आणि चाकांना ठोकळे. उतारावर मात्र हँडब्रेक लागतोच, तिथे पर्याय नाही, त्यामुळे घरी येताना शेवटच्या टप्प्यात ब्रेक हलके दाबत आणून सुकवा, गिअर टाका, आणि गाडीचं तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं फुटपाथच्या दिशेला वळवा, चढाकडे असेल तर फुटपाथच्या उलट दिशेला. आणि कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी गाडी धुणाऱ्यांना मी काय बोलू.

केबल एकदा गोठली असेल तर ती परत गोठणार हे धरूनच चाला. पाणी आत गेलंय, गंज धरलाय, स्प्रे मारून फार तर थोडे दिवस निघतील. गाडी उचलली जाईल तेव्हा मेकॅनिकला बूट दाखवायला सांगा, आणि दोन्ही चाकांच्या केबल वेगवेगळ्या असतील तर दोन्ही एकदमच बदलून घ्या, एकीचं बूट फाटलं म्हणजे दुसरीचंही वय तेवढंच झालंय.