मला न दिसलेले ४५

परभणीत एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी चष्म्याचा नंबर काढायचं काम करतो. भरती निघाली की आमच्याकडं पोरांची रांग लागते. त्या दिवशी एकजण मामाला सोबत घेऊन आला. रेल्वेत सहाय्यक लोको पायलटचा फॉर्म भरलेला, मेडिकलच्या आधी खात्री हवी होती.

खिडकीच्या उजेडात बसवून जपानी डॉक्टर इशिहारांचं रंगांधळेपणा तपासायचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत आकडे लपवलेली ही पानं १९१७ सालची, पण लाल-हिरव्याचा घोळ पकडायला अजून हीच लागतात. पाऊण मीटरवर धरायचं, पानाला तीन सेकंद. पहिल्यावरचे १२ सगळ्यांनाच दिसतात. दुसऱ्यावर ८. पोरगा म्हणाला, "तीन." पुढं २९ च्या जागी ७०. मी गप्पच होतो, तरी त्याचा आवाज बारीक होत गेला.

मामा मागून डोकावले. "चुकलं काय त्यात? तीनच हाय की ते!"

मग मामांनाच खुर्चीत बसवलं. हे मला आधीच सुचायला हवं होतं. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं. आईचे रंग मात्र शाबूत, तिचं दुसरं एक्स सांभाळून घेतं.

मामा हसतच सांगायला लागले. एका पोळ्याला त्यांनी बैलाचं एक शिंग हिरवं अन् दुसरं विटकरी रंगवलं होतं. लाल मिरची तोडताना ते बोटानं दाबून बघतात, पिकलेली मऊ लागते. "मला वाटलं, समदेच तसं करतेत."

मी विसावं पान काढलं. इतक्या वर्षांत मला त्यावर नुसते ठिपकेच दिसलेत. उत्तर छापलेलं आहे म्हणून पाठ. आपल्याला लाल-हिरव्याची गर्दी आड येते, हा दोष असलेल्यांना ती जाणवतच नाही.

मामा-भाचे एकदमच बोलले, "पंचेचाळीस."

मामांनी आकडा गिरवून दाखवला. पानाला बोट लावू द्यायचं नसतं, रंग खराब होतो. मी अडवलं नाही. चष्मा काढला, मान तिरकी केली. काहीच नाही.

"साहेब, तुमाला खरंच दिसंना?" मामांना माझी कीव आली होती.

मी रिपोर्ट लिहायला घेतला. पोरगा पेनाकडं बघत होता. हळूच म्हणाला, "सर, ते पंचेचाळीस दिसलं, ते पण लिहा की."