पानांच्या आडोशाने : आमची वाटचाल

आमचा व्यवसाय घरगुती मत्स्यालये बसवून देण्याचा आणि त्यांची निगा राखण्याचा आहे. परंतु पुण्यात आमच्याकडे लोक येतात ते बहुधा एका ठरावीक कामासाठी. टाकीतला हीटर, फिल्टर, नळ्या आणि वायरी जिवंत पाणवनस्पतींच्या आड अशा बसवायच्या, की समोर बसलेल्या माणसाला केवळ पाने आणि मासे दिसावेत. सदाशिव पेठेतल्या एका लहानशा गाळ्यात मी आणि माझ्या धाकट्या भावाने सुरुवात केली, तेव्हा मासे, खाद्य, रंगीत खडे आणि प्लास्टिकची झाडे विकणे एवढेच आमचे काम होते.

त्याला वळण मिळाले ते कोथरूडच्या एका काकूंमुळे. आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात दोन फुटी टाकी लावून दिली होती. काही दिवसांनी त्यांचा फोन आला, "अहो, मासे फार गोड आहेत, पण ते काळं नळकांडं सारखं डोळ्यांत खुपतं. त्याचं काहीतरी करा ना." ते नळकांडे म्हणजे हीटर, आणि तो काढून टाकणे शक्य नव्हते, कारण डिसेंबर-जानेवारीत पुण्यातला रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि उष्ण कटिबंधातल्या माशांना पाणी पंचवीस अंशांच्या आसपास लागते. तेव्हा हीटर राहू द्यायचा आणि दिसू मात्र द्यायचा नाही, हा विचार आमच्या मनात पक्का बसला.

नुसते झाकणे सोपे असते. खरी कसोटी असते ती झाकल्यानंतरही यंत्राने नीट काम करत राहण्याची. हीटरच्या चहूबाजूंनी रोपांची दाटी केली, तर तिथले पाणी खेळत नाही; हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटला जवळच्याच गरम पाण्याचे तापमान कळते, हीटर वेळेआधी बंद होतो आणि टाकीचे दुसरे टोक गार राहते. शिवाय काचेच्या नळीला चिकटलेले पान भाजते : आधी तेवढा भाग काचेसारखा पारदर्शक होतो, मग तपकिरी पडून गळतो. म्हणून आम्ही रोप हीटरला कधीच बांधत नाही. हीटर मागच्या काचेवर फिल्टरच्या प्रवाहाजवळ बसवतो आणि त्याच्या पुढे चार बोटे जागा सोडून ड्रिफ्टवुडचा एक तिरपा तुकडा ठेवतो. त्या लाकडावर अनुबियास किंवा जावा फर्न सुती दोऱ्याने बांधलेला असतो. या दोन्हींचे आडवे, जाड खोड वाळूत पुरले तर कुजते, त्यामुळे लाकूड हीच त्यांची योग्य जागा. आणि हीटर बदलायची वेळ आली, तर एकही मूळ न दुखावता अख्खे लाकूड उचलून बाजूला ठेवता येते. मागच्या काचेला बाहेरून काळी फिल्म लावली, की उरलेसुरले काळे प्लास्टिकही त्यात मिसळून जाते. या फिल्मला खर्च जवळजवळ काहीच येत नाही, तरी ग्राहक तिचा विचार सर्वांत शेवटी करतात याचे मला नेहमी नवल वाटते.

फिल्टरच्या उभ्या नळीसाठी व्हॅलिसनेरियाच्या लांब, फितीसारख्या पानांचा पडदा उत्तम. मात्र ही पाने पृष्ठभागावर लोळू लागली, की ओढीने फिल्टरच्या तोंडाशी जाऊन अडकतात, म्हणून त्या तोंडावर स्पंज चढवणे आम्ही अनिवार्य मानतो. कोपऱ्यातल्या स्पंज फिल्टरपुढे श्रीलंकेतली क्रिप्टोकोरीन वेंडटाय लावतो. जागा बदलली, की तिची पाने विरघळल्यासारखी गळतात. ग्राहक घाबरून रोप उपटायला निघतात, परंतु मुळे शाबूत असली तर काही आठवड्यांत नवी पाने फुटतात.

रोपांची निवड पाण्यावरही अवलंबून असते, हे आम्हाला शहराच्या वेगवेगळ्या भागांत काम करताना समजत गेले. खडकवासला धरणसाखळीचे पाणी सौम्य आहे. उपनगरांतल्या ज्या सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर चालतात, तिथले पाणी पुष्कळदा जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते. व्हॅलिसनेरिया अशा पाण्यातही जोमाने वाढते, कारण पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट या क्षारामधूनही तिला कार्बन घेता येतो.

पुढे रोपांची वाढती गरज भागवण्यासाठी आम्ही गच्चीवर शेडनेटखाली स्वतःची रोपवाटिका उभी केली. अनुबियास आणि क्रिप्टोकोरीन दमट हवेत पाण्याबाहेरही वाढतात. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र ट्रे प्लास्टिकने झाकावे लागतात. क्रिप्टोकोरीनची हवेत वाढलेली पाने पाण्यात गेल्यावर बहुतेक गळतात, म्हणून पाण्याखालची नवी पाने फुटेपर्यंत रोपे दुकानातल्या टाकीतच ठेवण्याचा शिरस्ता भावाने घातला. त्यामुळे विक्रीला उशीर होतो, पण तो आम्ही आनंदाने सोसतो. 2020 च्या टाळेबंदीनंतर, लोक घरातच काम करू लागल्यावर, समोरच्या टाकीकडे दिवसभर लक्ष जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि आमचे कामही.

झाकलेल्या यंत्रांचा एक धोका आम्ही प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो : जे दिसत नाही, त्याची आठवणही राहत नाही. पानांआडचा स्पंज गाळाने भरला तरी बाहेरून कळत नाही. म्हणून रोपे लावण्यापूर्वीच्या टाकीचे छायाचित्र, त्यावर प्रत्येक उपकरणाची जागा दाखवून, आम्ही स्टँडच्या दाराला आतून चिकटवतो. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते, की स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात धुवावा, नळाखाली नव्हे, कारण क्लोरीनमुळे त्यातले उपयुक्त जिवाणू मरतात. आणि पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटे थांबावे, कारण पातळी उतरल्यावर उघडी पडलेली तापलेली काच तडकते, आणि पानांआड ती तडकल्याचे लवकर ध्यानात येत नाही.