आमची वाटचाल : दहाव्या कामगारापासून पुढे

१९९६ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ आणि एक पॉवर प्रेस बसवून आम्ही सुट्या भागांचे जॉबवर्क सुरू केले. त्यापूर्वी मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होतो आणि तेथील सात महिन्यांची टाळेबंदी मी कामगार म्हणून सोसली होती. त्या अनुभवामुळे स्वतःच्या कारखान्यात कामगार संघटना येऊ द्यायची नाही, असे मी पहिल्याच दिवशी ठरविले. दुसरा निश्चय असा की, कामगारांची संख्या नऊच्या पुढे न्यायची नाही, कारण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसे झाली की कामगारांना उपचार व भरपाई देणारा कर्मचारी राज्य विमा कायदा लागू होत असे आणि वेतनाच्या काही टक्के (१९९७ पासून ४.७५ टक्के) रक्कम मालकाला दरमहा भरावी लागत असे. आमच्यासारखे अनेक गाळेधारक तेव्हा नऊवर थांबत. दहाव्या माणसाचे काम आम्ही ओव्हरटाइमवर भागवीत असू.

१९९९ च्या पावसाळ्यात रात्री उशिरापर्यंत चाललेल्या अशाच ओव्हरटाइममध्ये प्रेसवरील आमच्या ऑपरेटरची दोन बोटे डायखाली, म्हणजे धातूला आकार देणाऱ्या साच्याखाली, सापडली. खासगी रुग्णालयाचा खर्च, त्यानंतर १९२३ च्या कायद्यानुसार द्यावयाची नुकसानभरपाई आणि तो बरा होईपर्यंतचा पगार हे सर्व माझ्यावर आले; त्यासाठी पत्नीचे दागिने गहाण ठेवावे लागले. तो कामगार विमेदार असता, तर उपचारही झाले असते आणि भरपाईही कर्मचारी राज्य विमा महामंडळाने दिली असती. त्याची बोटे मात्र परत आली नसती, ही खंत मला आजही आहे. तेव्हापासून आमच्या प्रत्येक प्रेसवर दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावी लागणारी बटणे आहेत.

त्या दिवाळीत मी उचलीची वही काढून बसलो. पोराचा टायफॉइड, आईचे मोतीबिंदू, बायकोचे बाळंतपण अशा कारणांसाठी वर्षभरात दिलेल्या उचलीची बेरीज केली, तेव्हा ती विम्याच्या वर्गणीपेक्षा बरीच जास्त भरली. उचल फेडता न आल्यामुळे दोन कुशल माणसे एके दिवशी न सांगता निघून गेली होती आणि त्यांच्या जागी आलेल्यांना शिकविताना झालेले रिजेक्शन (खराब निघालेला माल) तर कोणत्याच वहीत लिहिलेले नव्हते. जानेवारीत दहावा कामगार घेतला आणि विमा योजनेत कारखान्याची नोंदणी केली.

२००४ मध्ये आम्ही रबाळे एमआयडीसीत स्वतःच्या शेडमध्ये आलो. कामे वाढली, माणसे वाढली, वर्गणी दर महिन्याला वेळेवर भरली जात होती. येथे माझी मोठी चूक झाली. पैसे भरले म्हणजे कामगारांना वैद्यकीय लाभ मिळाला, असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात अनेकांच्या कुटुंबीयांची नोंदच झालेली नव्हती आणि कित्येकांची ओळखपत्रे कार्यालयातील कपाटात पडून होती. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, हे बहुतेकांना ठाऊक नव्हते, त्यामुळे खाडा पडू नये म्हणून माणसे अंगात ताप असताना प्रेसवर उभी राहत होती.

२०१८ मध्ये संघटनेची नोटीस आली. आमच्याकडे ३८ कामगार होते. कामगार संघटनांच्या मान्यतेविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातील मान्यताप्राप्त संघटनेची तरतूद ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होती. त्यामुळे तुम्ही बोलणी टाळू शकता, असा सल्ला मला मिळाला. मी तरीही भेटलो, कारण टाळलेल्या बोलण्यांचा शेवट मी एकदा पाहिला होता. पगारवाढीच्या मागणीच्या अपेक्षेने मी आकडे काढून बसलो होतो, पण त्यांच्या प्रतिनिधीने प्रथम पुढे ठेवला तो नोंदणी अपुरी असलेल्या १९ जणांच्या नावांचा कागद. पुढील तीन महिन्यांत त्यांनीच एकेकाची कागदपत्रे गोळा करून नोंदी पूर्ण करून घेतल्या. अठरा वर्षे मी भरत असलेल्या पैशांचा उपयोग त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाला आणि हे काम मी, माझा हिशेबनीस किंवा सल्लागार यांपैकी कोणीही केले नव्हते.

त्याच काळात आमच्या सर्वांत जुन्या सेटरने, म्हणजे प्रेसवर डाय बसविणाऱ्या कारागिराने, माझ्या केबिनमध्ये येऊन सांगितले, "साहेब, ही पगारवाढ मला नको." २०१७ पासून विम्याची वेतनमर्यादा २१ हजार रुपये होती, त्याची आई डायलिसिसवर होती आणि दीड हजारांची वाढ घेतली असती तर तिच्या उपचारांचे छत्र गेले असते. चांगल्या कामाची बढती माणसाला संकट वाटावी, याचे मला फार वाईट वाटले. तात्पुरता मार्ग संघटनेने दाखविला. वर्गणीचा कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो आणि कालावधी सुरू झाल्यानंतर वेतन मर्यादेपुढे गेले, तर त्याच्या अखेरपर्यंत वर्गणी व संरक्षण चालू राहते. म्हणून मर्यादेजवळच्या कामगारांची वाढ आम्ही एप्रिलऐवजी मेपासून देऊ लागलो.

कायमचा मार्ग १ जुलै २०१९ रोजी निघाला. त्या दिवसापासून मालकाचा वाटा ४.७५ वरून ३.२५ टक्क्यांवर आणि कामगाराचा १.७५ वरून ०.७५ टक्क्यांवर आला. आमच्या विमेदार कामगारांचे मासिक वेतन सुमारे ५ लाख १० हजार होते, म्हणजे माझे वर्षाला जवळजवळ ९२ हजार रुपये वाचणार होते. ते मर्यादेबाहेर गेलेल्या आठ जणांच्या गट आरोग्य विम्यासाठी वापरावेत, अशी मागणी संघटनेने केली. मी आठवडाभर विचार करून ती मान्य केली आणि तीन वर्षांच्या करारात लिहून दिली. त्या आठांपैकी एकानेही आजवर नोकरी सोडलेली नाही. सेटर आणि टूलरूमची माणसे टिकणे म्हणजे काय, हे ज्याने नवीन माणसाच्या हाती डाय दिली आहे, त्यालाच कळेल.

संघटनेमुळे नुकसान झालेच नाही, असे मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये एका ऑपरेटरच्या निलंबनावरून अकरा दिवस काम मुद्दाम संथ ठेवले गेले, माल उशिरा गेला आणि एक जुना ग्राहक आम्ही कायमचा गमावला. तो राग माझ्या मनातून पूर्ण गेलेला नाही. निलंबन योग्य होते, पण चौकशी न करता तोंडी आदेश देण्याची घाई माझी होती. आता कारवाईपूर्वी लेखी खुलासा मागवितो आणि प्रतिनिधीला समोर बसवितो.

सध्या नव्या कराराची बोलणी चालू आहेत. गट विम्यात आई-वडिलांचाही समावेश व्हावा, ही त्यांची मुख्य मागणी आहे; त्यामुळे हप्ता जवळपास दुप्पट होतो. वाढीव हप्त्याचा निम्मा भाग कंपनीने आणि निम्मा कामगारांनी द्यावा, असा प्रस्ताव मी ठेवला आहे. दोन विमा कंपन्यांचे दर आले आहेत, तिसऱ्याचे आल्यावर पुढील बैठक होईल.