बंब येईल हो, पण आत शिरेल कुठून?

एप्रिल लागला की आपल्या खान्देशात पेपर उघडा, कुठे ना कुठे आग लागल्याची बातमी असतेच. कुठे जिनिंगमध्ये कापूस पेटला, कुठे चटईची फॅक्टरी, कुठे शेतातला गोठा नाहीतर चाऱ्याची गंजी. पारा ४४-४५ वर, हवा कोरडी ठाक, जुन्या वायरिंगवर एसी-कूलरचा लोड, फक्त ठिणगी पडायची वाट. आणि बातमीत एक वाक्य हमखास असतं, बंब उशिरा आला. मला आज या वाक्यावरच लिहायचंय. बंब स्टेशनातून कधी निघाला ते आपल्या हातात नाही, मान्य, पण आपल्या कोपऱ्यावरून आपल्या दारापर्यंत यायला त्याला किती वेळ लागेल हे मात्र बऱ्याचदा आपणच ठरवून ठेवलेलं असतं, गाड्या लावून, कुलपं ठोकून, शेड टाकून.

आमची सोसायटी जळगावात, पार्किंगवर सात मजले. मी कमिटीत सेक्रेटरी आहे. अग्निशमन सप्ताहात (दरवर्षी १४ ते २० एप्रिल) आम्ही फायर ब्रिगेडला विनंती केली की नुसतं लेक्चर नको, एकदा गाडी आत आणून दाखवा. आले बिचारे, खरंच गाडी घेऊन आले, आणि त्या दिवशी जे दिसलं ते कुठल्याही लेक्चरमध्ये कळलं नसतं.

आधी गेट. आमचं गेट दोन पल्ल्यांचं, त्यातला एक पल्ला कायम बंद, खालची कडी जमिनीतल्या भोकात घातलेली आणि त्या भोकात माती-सिमेंट बसून कडी गंजून पक्की झालेली. वॉचमन काकांनी हातोडी आणली तेव्हा कुठे ती निघाली. मग पल्ला उघडला तर तो पूर्ण भिंतीला टेकेना, कारण मागे सायकली. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या देशपातळीवरच्या नियमावलीत, यावर सरळ लिहिलंय की गेट कंपाउंडच्या भिंतीला चिकटेल असं पूर्ण दुमडलं पाहिजे, म्हणजे गाडीला वळायला आतली जागा मोकळी राहते, आणि गेटवर कमान किंवा बांधकाम असेल तर त्याखालून निदान साडेचार मीटर उंची मोकळी पाहिजे. आता आपल्याकडे गेटवर नावाची कमान उभारायची किती हौस, त्यात गणपतीत मंडप, लग्नाचं तोरण, लायटिंगच्या माळा आडव्या. कमान करा, हौस करा, पण करायच्या आधी टेप लावून मोजा एवढंच म्हणणं आहे.

गाडी आत आली आणि साईड मार्जिनकडे, म्हणजे बिल्डिंगच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे, वळताना थांबली. दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या. ड्रायव्हरदादांनी आरसे दुमडले, खाली उतरून बघितलं, परत चढले, आणि मान हलवली, नाही होणार. बंब अडीच मीटर रुंद असतो, म्हणजे सरळ रस्त्यातून तो निघेलही, पण वळायला, उभं राहायला, बाजूचे दरवाजे उघडून पाईप काढायला, शिडी लावायला जागा लागते. म्हणून तर कोडमध्ये १५ मीटर आणि त्यावरच्या उंच बिल्डिंगला भोवती निदान ६ मीटर मोकळी, गाडी फिरेल अशी जागा ठेवायला सांगितलीय. नकाशात ती आमच्याकडे आहे, नकाशा पास पण त्याच्यावरच झाला, आणि नंतर तिच्यावर काय आलं बघा, पत्र्याचं शेड, झाडांच्या मोठ्या कुंड्या, दोन भंगार स्कूटर आणि पाहुण्यांची पार्किंग.

तेवढ्यात त्यांच्यातल्या एका वयस्कर फायरमनने पायाने पेव्हर ब्लॉक ठोकून बघितला आणि विचारलं, "ताई, याच्याखाली काय आहे?" खाली आमची पाण्याची अंडरग्राउंड टाकी. तो म्हणाला, मग याच्यावर गाडी घालत नाही मी, स्लॅब किती वजनासाठी डिझाईन केलाय माहीत नसताना. खरं सांगते, इतकी वर्षं आम्ही सगळे त्या जागेवरून ये-जा करतोय, कुणाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. कोड म्हणतो की ही जागा ४५ टनापर्यंत वजन सोसेल अशी पक्की पाहिजे. हजारो लिटर पाणी पोटात घेऊन आलेली गाडी आमच्याच टाकीत खचली असती तर आग राहिली बाजूला, आधी गाडीच बाहेर काढावी लागली असती. आता आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला ड्रॉइंग दिलंय, त्याचा रिपोर्ट येईपर्यंत टाकीच्या चारी बाजूंनी पिवळा पट्टा मारलाय आणि गाडीने कुठून यायचं, कुठे उभं राहायचं ते दुसऱ्या बाजूने लाल पट्ट्यांनी आखलंय.

लाल पट्टे मारताना भांडण झालंच. पाचव्या मजल्यावरचे नाना तावातावाने खाली आले, "मंग मी गाडी कोठे लावू वं ताई, रस्तावर?" नानांचं चुकत नव्हतं, प्रत्येक घरात आता दोन-दोन गाड्या आहेत आणि बिल्डिंग बांधली तेव्हा एवढ्या नव्हत्या. पण नानांची आई अंथरुणाला खिळलेली आहे. मी एवढंच म्हटलं की नाना, आजींना जिन्यावरून खाली आणायची वेळ आली तर आपल्याला जमेल का, की फायरवाल्यांची शिडी तुमच्या बाल्कनीखाली उभी राहिली पाहिजे? ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःची गाडी मागच्या लायनीत लावली आणि पेंटरचे पैसे पण त्यांनीच दिले. आता पट्ट्यावर कुणी गाडी लावली तर नाना स्वतः वरून हाका मारतात.

तर त्या दिवशी गाडी बघून झाल्यावर आम्ही सगळे फायरवाल्यांबरोबर जिन्याने वर गेलो. प्रत्येक मजल्यावर हायड्रंटची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाची, लाल पेटी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या पेटीत होज पाईप होता पण घडीवर घडी इतकी वर्षं बसलेली की घडीच्या जागी तडे, आणि नोझल गायब. नोझल, कपलिंग गनमेटलचं असतं, भंगारात चांगला भाव येतो, त्यामुळे ते चोरीला जातंच, दर महिन्याला पेटी उघडून बघणारा कुणीतरी लागतो. पाचव्या मजल्यावर पेटीसमोर कूलर. आता आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर म्हणजे अन्न-पाण्याच्या बरोबरीचा, खिडकीत मावला नाही की तो पॅसेजमध्ये येतो, मग त्याची वायर, खाली पाण्याची बादली, वर वाळत घातलेले कपडे, आणि कूलरमधलं ते वाळलेलं गवत म्हणजे नुसता भुसाच की, ठिणगी पडली तर भडकायला कितीसा वेळ. जिना आणि पॅसेज मोकळे पाहिजेत यात तडजोड नाही, कारण धूर आधी तिथेच भरतो आणि माणसं पळणार पण तिथूनच.

आणि गच्ची! गच्चीच्या दाराला कुलूप, आणि किल्ली जुन्या चेअरमनकडे, जे आता मुलाकडे पुण्याला असतात. पोरं वर जाऊन दंगा करतात, कुणी दारू पितं, म्हणून कुलूप लावलं होतं, कारण खरंच होतं. पण सुटकेचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे असा नियम आहे, आणि खाली आग असेल तर धुराच्या वर जायची ती एकच वाट असू शकते. आम्ही कुलूप काढून आतून उघडणारी कडी बसवली आणि गच्चीवर कॅमेरा लावला. पोरांचा दंगा कॅमेऱ्यात दिसतो, बघून घेऊ त्यांच्याकडे.

कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण "हे तर महापालिकेचं काम" असं सगळ्यांना वाटतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मध्ये ही जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर टाकलीय. म्हणजे सोसायटी झाली की बिल्डर सुटला, आपण अडकलो. लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा तपासून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. इथे माझं स्पष्ट मत आहे, फॉर्म बी घरपोच नुसता सही-शिक्का मारून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. एजन्सीच्या माणसाला पंप चालू करायला लावा, सगळ्यात वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह उघडून पाण्याला प्रेशर येतंय का ते स्वतः उभं राहून बघा, आग विझवायच्या सिलेंडरच्या मीटरचा काटा हिरव्यात आहे का बघा. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, एजन्सीवाला पंप, पाईप, सिलेंडर बघतो, पण तुमच्या गेटमधून गाडी वळते का ते बघायला गाडीच लागते. म्हणून वर्षातून एकदा फायर ब्रिगेडला बोलवाच.

आता सोसायटीच्या बाहेर या. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारला क्लासेस बघा कुठे आहेत, दुकानांच्या वर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, एकच अरुंद जिना, जिन्यात खाली मीटरांची रांग, वर पोरांच्या चपला, खिडक्यांना बाहेरून फ्लेक्सचे बोर्ड. सुरतचं तक्षशिला आठवतं ना, सरथाण्यातली क्लासवाली बिल्डिंग, २४ मे २०१९ ला आग लागली. २२ पोरं गेली. पोरं चौथ्या मजल्यावरून खाली उड्या मारत होती, त्या व्हिडिओने तेव्हा झोप उडवली होती. सुरतमध्ये उधना, लिंबायत, डिंडोलीला आपलं अर्ध खान्देश राहतं, त्या दिवशी आमच्या प्रत्येक नातेवाईकाला फोन गेले होते. एवढं होऊनही आपण ॲडमिशन घेताना फी विचारतो, रिझल्ट विचारतो, एसी आहे का विचारतो. दुसरा जिना कुठे आहे हे विचारा. शटर बंद असताना मागून बाहेर पडता येतं का विचारा. खिडकीवर बोर्ड असेल तर काढायला लावा, दहा पालकांनी एकत्र सांगितलं की क्लासवाले ऐकतात, त्यांनाही पोरांची काळजी असतेच.

खेड्यापाड्यात प्रश्न वेगळा. साक्री तालुक्यात वासखेडीला एप्रिल २०२३ मध्ये केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागून चार बाया गेल्या, शिरपूरजवळ वाघाडीला ऑगस्ट २०१९ मध्ये केमिकल कंपनीत स्फोट झाला. अशा ठिकाणी बंब तालुक्याच्या गावाहून यायचा, म्हणजे पहिली पंधरा-वीस मिनिटं तरी आतल्या माणसांचीच. तिथे दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, दारासमोर माल रचलाय का, यावर जीव ठरतो.

आणि कापूस. भाव नाही म्हणून घरात कापूस भरून ठेवणारी किती घरं आपल्याकडे, खोली छतापर्यंत गच्च, त्यातच मधे बल्ब लटकतोय, बाजूला चूल नाहीतर देव्हाऱ्यात दिवा. शेतकरी तरी काय करणार, पडत्या भावात विकायचा कसा. पण निदान त्या खोलीची लाईट बंद ठेवा, मोबाईल चार्जिंगला लावू नका, आणि दाराशी माणूस शिरेल एवढी वाट सोडा. कापसाची आग फसवी असते. गाठीवर वरून पाणी मारलं की विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते, जिनिंगवाल्यांना विचारा, गाठ फोडून, पसरून, भिजवूनच ती विझवावी लागते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजावर हेच झालं होतं, स्फोटकांबरोबर कापसाच्या गाठी भरलेल्या, आग गाठींना लागली, विझता विझेना, आणि शेवटी स्फोट. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. अग्निशमन सप्ताह १४ तारखेला सुरू होतो तो त्यांच्यासाठी.

शेवटचं, फोनबद्दल. १०१ किंवा ११२. शिवाय आपल्या नगरपालिकेच्या फायर स्टेशनचा थेट नंबर आजच सेव्ह करा, सोसायटीच्या ग्रुपवर पिन करा. फोनवर नुसतं "आग लागली, लवकर या" म्हणून ठेवू नका, समोरचा विचारेल ते सांगा. पत्ता, जवळची खूण, काय पेटलंय, कितव्या मजल्यावर, आत कुणी अडकलंय का, गॅस सिलेंडर किंवा केमिकल आहे का, आणि कोणत्या बाजूने मोठी गाडी येईल. बाजाराचा दिवस असेल, रस्ता खोदलेला असेल, तर तेही सांगा. मेन स्विच बंद करा, त्यासाठी मीटर रूमसमोरच्या स्कूटर आजच हलवून ठेवा. लिफ्ट वापरू नका. आणि दोघा जणांना लगेच पाठवा, एकाने कोपऱ्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवायची, दुसऱ्याने गेटचे दोन्ही पल्ले उघडून धरायचे. आमच्याकडे हे काम वॉचमन काकांचं आणि पहिल्या मजल्यावरच्या दोन कॉलेजच्या पोरांचं ठरलंय, नावं लिफ्टशेजारच्या बोर्डावर लिहिलीत. खालच्या कडीला दर महिन्याला ऑइल घालायचं काम पण तिथेच लिहिलंय.