तुम्ही विचारलंत म्हणून: चार वर्षांच्या मुलीसह लंडन पाहून होते का?

आम्ही लेकीला घेऊन नऊ दिवस लंडनला जाऊन आलो, त्यानंतर हा प्रश्न मला कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी, नणंदेने, इमारतीच्या लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्यांनी आणि एकदा मुलीच्या डॉक्टरांनीही विचारला आहे. शब्द थोडे वेगळे असतात. कोणी विचारतात, "एवढ्या लहान मुलीला घेऊन लंडन पाहून होते का?" कोणी थेट विचारतात, "तिला काय कळणार? पैसे वाया नाही का गेले?" दरवेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा ते एकदा सविस्तर लिहून काढावे, असे ठरवले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: नाही, पाहून होत नाही. वेस्टमिन्स्टर ॲबी या प्रसिद्ध चर्चच्या आत आम्ही गेलो नाही. बकिंगहॅम राजवाड्यासमोर पहारा बदलतो तेव्हा मला पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांची पाठ दिसली आणि लेकीला त्यांचे गुडघे. सहलीच्या कंपन्या जे तीन दिवसांत दाखवतात, ते आमचे नऊ दिवसांत झाले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र लांब आहे, कारण पैसे वाया जाणे म्हणजे नेमके काय, हे मला त्या नऊ दिवसांत नव्याने समजून घ्यावे लागले.

आपल्याकडे प्रवासाला निघालेला माणूस सोबत एक अदृश्य वही घेऊन निघतो. तिकिटाचे इतके दिले, मग इतके तरी पाहिलेच पाहिजे, हा हिशेब त्या वहीत सतत चालू असतो. दुसऱ्याच दिवशी आम्ही एका प्रसिद्ध ठिकाणाची महागडी तिकिटे काढून आत गेलो. त्या जागेचे नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता. चाळीस मिनिटांत लेक कंटाळली, तासाभराने भुकेली झाली, आणि तरीही आम्ही दोघे नवरा-बायको तिला आळीपाळीने कडेवर घेऊन आणखी दोन तास दालनामागून दालन फिरत राहिलो, केवळ पौंडांना रुपयांनी गुणल्यावर येणारा आकडा डोळ्यांसमोरून हलत नव्हता म्हणून. शेवटच्या दालनात तिने फरशीवर अंग टाकले आणि असा सूर लावला की पहारेकरी लगबगीने येऊन आम्हाला बाहेरचा जवळचा रस्ता दाखवून गेला. काय पाहिले ते आज मला आठवत नाही. फरशी काळ्या-पांढऱ्या चौकटींची होती, एवढे आठवते.

त्या रात्री आम्ही उरलेल्या दिवसांचा बेत खोडून काढला आणि ठरवले की जिथून अर्ध्या तासात बाहेर पडलो तरी जिवाला लागणार नाही, अशाच ठिकाणी जायचे. लंडन या बाबतीत फार उदार शहर आहे. तिथल्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमस्वरूपी संग्रह डिसेंबर २००१ पासून सर्वांसाठी विनामूल्य खुले आहेत. फुकट म्हणजे पैसे वाचतात, असा याचा अर्थ आपण घेतो. लहान मूल सोबत असताना त्याचा खरा अर्थ असा की कधीही उठून बाहेर जाता येते, आणि उद्या पुन्हा येता येते.

नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आम्ही असे तीनदा गेलो आणि एकदाही तासाभरापेक्षा जास्त थांबलो नाही. १८८१ मध्ये उघडलेल्या त्या इमारतीच्या मुख्य दालनात २०१७ पासून निळ्या देवमाशाचा सांगाडा छताला टांगलेला आहे. लांबी पंचवीस मीटरहून थोडी जास्त. हा देवमासा १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर येऊन अडकला होता. मी ही सगळी माहिती लेकीला सोपी करून सांगितली. तिने बराच वेळ मान वर करून पाहिले आणि विचारले, "याचं पोट कुठंय?" पोट नाही हे कळल्यावर तिचा त्याच्यातला रस संपला. मग बाबागाडीत मागे रेलून तिने जे पाहिले ते आम्हा दोघांनाही दिसले नव्हते: दालनाच्या कमानींवरून भाजलेल्या मातीची माकडे वर चढत आहेत. वास्तुविशारद आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी ती सगळी इमारतच अशा प्राण्यांनी मढवली आहे. पुढच्या दोन्ही खेपांना आम्ही फक्त माकडे मोजली. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.

तिथून रस्ता ओलांडला की व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ज्या संग्रहालयातून २०२४ मध्ये वाघनखे तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि साताऱ्यात प्रदर्शनात ठेवली गेली, तेच हे. (ती तीच वाघनखे की दुसरी, हा वाद इथे नको.) तिथे टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे. जवळजवळ खऱ्या वाघाएवढा हा वाघ उताण्या पडलेल्या गोऱ्या शिपायाच्या गळ्याशी लागलेला दाखवला असून, त्याच्या पोटात हाताने फिरवायच्या दांड्यावर चालणारा बाजा बसवलेला आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो उचलून नेला. लेक काचेला नाक लावून उभी राहिली. "तो त्या काकांना कधी सोडणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून आम्ही अंगणात गेलो.

आणि त्या अंगणाने आमची सहल तारली. लाल विटांच्या उंच भिंतींनी चारी बाजूंनी वेढलेल्या या चौकाच्या मधोमध लंबवर्तुळाकार दगडी कुंड आहे. पाणी इतके उथळ की चार वर्षांच्या मुलीची पोटरीही जेमतेम बुडते. कडेला दगडाच्या रुंद पायऱ्या आणि मधून मधून उडणारी कारंजी. ऊन पडले की शहरातली मुले तिथे विजारी दुमडून उतरतात आणि कोणी त्यांना हटकत नाही. मी "बूट काढ" म्हणेपर्यंत लेक बुटांसकट पाण्यात गेली होती. शेजारी तिच्याच वयाचा एक मुलगा कागदी पेल्याने पाणी भरून पायरीवर ओतत होता; दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पाणी कुठे ओतायचे यावर त्यांचे दोन मिनिटांत एकमत झाले. दीड तास त्यांनी तेवढेच केले. त्या दीड तासात आम्ही नवरा-बायकोंनी पाळ्या लावून एकेकट्याने आतली दालने पाहिली. एकजण कुंडाकाठी, एकजण आत. लग्नानंतर पहिल्यांदाच मी एखादे संग्रहालय कोणाशीही न बोलता, मला हवे तेवढे रेंगाळत पाहिले. मोजे भिंतीच्या कडेला वाळत होते.

वेळेचा प्रश्न मात्र अनेक जण लक्षात घेत नाहीत. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. मुंबईत सातला उठणारे मूल तिथे पहाटे अडीचला टक्क जागे होते, आणि मुंबईत रात्री नऊला झोपणारे तिथे दुपारी साडेचारला मान टाकते. पहिल्या रात्री आम्ही अंधारात गोष्टी सांगितल्या. तिसऱ्या दिवशी तिची पहाट पाचवर आली आणि मग आम्ही तिच्याशी भांडणे सोडले. मे महिन्याच्या शेवटी तिथे पाचच्या आधीच उजाडते. हाइड पार्क पाचला उघडते, त्याला लागून असलेले केन्सिंग्टन गार्डन्स सहाला. आम्ही साडेसहाला गोल तळ्याकाठी असायचो, राजहंस, कुत्र्यांना फिरवणारे लोक आणि आम्ही. संग्रहालये दहाला उघडेपर्यंत लेकीचा अर्धा दिवस होऊन गेलेला असायचा. संध्याकाळची कोणतीही तिकिटे आधी काढू नका, एवढेच मी बजावून सांगेन.

भुयारी रेल्वेविषयी सगळे कौतुकाने बोलतात. जगातली ही पहिली भुयारी रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, म्हणजे ती बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बाबागाडी नव्हती. पावणेतीनशेच्या आसपास स्थानकांपैकी जेमतेम एक तृतीयांश स्थानकांवर पायऱ्या न चढता फलाटापर्यंत जाता येते, आणि संग्रहालयांचे साउथ केन्सिंग्टन त्यांत नाही. दरवेळी एक जण पुढून आणि एक जण मागून गाडी उचलायचो; तिसऱ्या खेपेला पुढचे उजवे चाक पायरीवर आपटून सैल झाले. मग आम्ही बसवर आलो. एका भाड्यात तासाभरात कितीही बसगाड्या बदलता येतात आणि अकरा वर्षांखालच्या मुलांना भाडे नाही. बाबागाडीची जागा मुळात चाकाच्या खुर्चीची असते. खुर्ची आली की आपण गाडी मिटून बाजूला व्हायचे, कोणी सांगायची वाट पाहायची नाही. एरवी तिचे बाबा गाडी घेऊन खाली आणि आम्ही दोघी वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर, जसे मी लहानपणी बेस्टच्या दुमजली बसमध्ये बसण्यासाठी भांडत असे.

एक दिवस आम्ही डॉकलँड्सच्या, म्हणजे जुन्या गोद्यांच्या भागातल्या हलक्या रेल्वेने गेलो. १९८७ पासून धावणाऱ्या या गाडीत मोटरमन नसतो, त्यामुळे पहिल्या डब्यातल्या पुढच्या काचेशी बसलेल्या मुलाची ठाम समजूत होते की गाडी तोच चालवतो आहे. आयलंड गार्डन्सला उतरून थेम्सच्या खालून ग्रिनिचला चालत गेलो. पलीकडच्या कामगारांना गोदीत येता यावे म्हणून १९०२ मध्ये बांधलेले हे ३७० मीटरचे भुयार पांढऱ्या फरश्यांनी मढवलेले आहे. लेकीने मध्यावर उभे राहून "आजी!" अशी हाक मारली आणि ती दोन्हीकडून परत आली, म्हणून पुन्हा मारली. पलीकडून सायकल हातात धरून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनीही मग एक हाक मारून पाहिली. ग्रिनिचची शून्य रेखांशाची रेषा आम्ही पाहिली नाही. टेकडी चढायची कोणाची तयारी नव्हती.

खर्चाचे विचारता, तर बाहेरच्या जेवणापेक्षा मऊ भात शिजवता येईल असे छोटे स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. भारतातून तूप, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, हे आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर डबा भरून तयार असतो. दोन वर्षांवरच्या मुलाला विमानात स्वतंत्र आसन आणि मुलालाही स्वतंत्र व्हिसा लागतो, आणि त्याच्या शुल्कात वयाची सवलत नाही. "शू आली" ही हाक कुठेही येते, तेव्हा मोठी रेल्वेस्थानके आणि संग्रहालये लक्षात ठेवा. तिथली स्वच्छतागृहे विनामूल्य असतात.

सगळ्या सहलीत एकच जागा आम्ही दोघांनी मिळून, शांतपणे, पूर्ण पाहिली. प्रिमरोझ हिलच्या गवताळ उतारावर लेक तासभर गडगडत खाली गेली आणि पळत वर आली. तीनच्या सुमाराला ती बाबागाडीत गाढ झोपली. तिथून जवळच किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. १९२१-२२ मध्ये शिक्षणासाठी आलेले बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत असत. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि आता ते स्मारक आहे. वरच्या मजल्यावर जाण्यासाठी आम्ही पुन्हा पाळी लावणार होतो, पण मग झोपलेल्या मुलीला गाडीसकट अलगद उचलून नेले. त्या खोल्यांत आम्ही जवळजवळ तासभर होतो. तिला ते घर आठवण्याचा प्रश्नच नाही.

ती बाबागाडी सध्या आमच्याकडे नाही. खालच्या मजल्यावरचे जोडपे तीन वर्षांच्या मुलाला घेऊन पुढच्या महिन्यात निघते आहे, त्यांना दिली आहे. पुढचे उजवे चाक अजून सैलच आहे, ते उचलताना आतल्या बाजूने दाबून धरावे लागते. आणि त्या कुंडासाठी मोज्यांचे दोन जोड जास्त घ्या, असे मी त्यांना सांगितले आहे.